कलमाचा चाकू व छाटणीची कात्री : दगडावर धार कशी लावावी?

कलमे कमी लागली की आपण कारणे शोधू लागतो. काडी कोवळी होती, हवा कोरडी होती, पट्टी सैल बसली, पाणी कमी पडले. ही कारणे खोटी नसतात. पण ज्या चाकूने काप घेतला त्याची धार कशी होती, हे सहसा कोणी पाहत नाही. गेल्या हंगामातला चाकू पेटीतून काढायचा, पायरीच्या दगडावर दोन्ही बाजूंनी चार-सहा वेळा घासायचा आणि कामाला लागायचे, अशीच रीत बहुतेक ठिकाणी दिसते.

कलम जुळते ते साल आणि लाकूड यांच्यामधल्या हिरवट, ओलसर थरामुळे. या थराला कॅम्बियम म्हणतात. तो पेशींच्या मोजक्याच थरांचा, म्हणजे अतिशय पातळ असतो. खुंटाचा आणि कलमकाडीचा हा थर एकमेकांना चिकटून बसला, तरच दोन्हीकडून नवीन पेशी तयार होऊन सांधा भरतो. धारदार चाकू या पेशींमधून सरळ निघून जातो. बोथट चाकू मात्र त्यांना चिरडत पुढे सरकतो. काप वरवर गुळगुळीत दिसला तरी त्यावर मेलेल्या पेशींचा थर राहतो आणि तो लवकर तपकिरी पडतो. शिवाय चाकू अडला की हात थांबतो, पुन्हा जोर लावला जातो आणि कापावर पायरी पडते. असे दोन काप एकमेकांवर ठेवून उजेडाकडे धरले, तर मधून प्रकाश दिसतो. ती फट पट्टी कितीही आवळली तरी पूर्ण बुजत नाही.

आंब्याचे कोय कलम, काजूचे मृदुकाष्ठ कलम, डॉगरिज खुंटावरील द्राक्षाचे पाचर कलम, संत्र्याचा डोळा भरणे, या सर्वांना हे लागू आहे. कोय कलमात खुंट अगदी कोवळा असतो. तो मधोमध चिरताना चाकू जाड किंवा बोथट असेल तर चीर सरळ खाली न जाता एका बाजूला पळते. म्हणून धार लावण्याचे काम कलमाच्या आदल्या दिवशी, निवांत बसून करावे.

आधी पाते नीट पाहावे

चाकू उजेडात धरून धारेकडे सरळ पाहावे. धार तीक्ष्ण असेल तर तेथे काहीच दिसत नाही, कारण दोन पृष्ठभाग मिळून तयार झालेली ती रेषा प्रकाश परतवण्याइतकी रुंदच नसते. बोथट धार गोल झालेली असते. तिच्यावर बारीक पांढरी रेघ चमकते. जेथे ठिपका चमकेल तेथे खाच पडली आहे असे समजावे. या एका परीक्षेने अर्धे काम होते. कोठे आणि किती घासायचे, हे ती रेघच सांगते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. कलमाच्या बऱ्याच चाकूंना एकाच बाजूने उतार दिलेला असतो आणि दुसरी बाजू सपाट असते. काप घेताना ही सपाट बाजू काडीला टेकून सरकते, म्हणून काप सपाट येतो. आपण स्वयंपाकघरातल्या सुरीप्रमाणे दोन्ही बाजूंनी तिरके घासले, की सपाट बाजूलाही छोटा उतार तयार होतो. मग चाकू काडीत सरळ न जाता बाहेर निघू पाहतो आणि काप मध्यभागी खोलगट किंवा फुगीर होतो. चाकू चांगला असूनही बिघडतो तो असा. ज्यांच्या चाकूला मुळातच दोन्ही बाजूंनी उतार आहे, त्यांनी दोन्ही बाजू सारख्या घासाव्यात. एक बाजू सपाट असेल तर ती सपाटच ठेवावी. डावखुऱ्या माणसाने आपला चाकू वेगळा, उलट बाजूला उतार असलेला घ्यावा. उजव्या हाताच्या चाकूने त्याचा काप नीट येणार नाही.

दगड कोणता घ्यावा?

घराच्या पायरीचा किंवा विहिरीच्या काठाचा काळा दगड अनेकांच्या सवयीचा आहे. मऊ लोखंडाच्या विळ्याला तो चालून जातो. पण आपल्याकडील काळ्या पाषाणातील खनिजांचा कठीणपणा दहाच्या मोजमापात साधारण ६ असतो, आणि पाणी दिलेले चांगले पोलाद त्याच्या जवळपास किंवा थोडे अधिकच कठीण असते. त्यामुळे तो दगड पोलादाला खात नाही, नुसता चोळतो. वालुकाश्मातील गारेचा कण ७ कठीण असतो, म्हणून जुन्या काळापासून धारेसाठी वालुकाश्म वापरात आहे. बाजारात मिळणारा कार्बोरंडमचा दगड सिलिकॉन कार्बाइडचा असतो व त्याचा कठीणपणा ९ पेक्षा जास्त आहे. हार्डवेअरच्या दुकानात एक बाजू जाड दाण्याची व दुसरी बारीक दाण्याची असलेली वीट मिळते. साधारण २० सें.मी. लांब व ५ सें.मी. रुंद अशी वीट घ्यावी. दोन्ही कामे एकाच दगडावर होतात. खाच काढायची असेल किंवा धार फारच गोल झाली असेल तेव्हाच जाड बाजू वापरावी. दर वेळी जाड बाजूपासून सुरुवात केली तर चाकू धारदार न होता नुसता झिजतो.

पाणी वापरावे की तेल? दोन्ही चालतात. त्यांचे काम एकच, घासलेल्या लोखंडाचा चुरा दगडाच्या छिद्रांतून वर आणून वाहून नेणे. चुरा आत बसला तर दगड गुळगुळीत होतो आणि खात नाही. मात्र एकदा तेल मुरलेल्या दगडावर पाणी नीट पसरत नाही, म्हणून सुरुवातीलाच एक काय ते ठरवावे. कलमाच्या चाकूसाठी पाणीच बरे. तेलाचा अंश पात्यावर राहून कापावर उतरला तर सांध्याला बाधतो. दगड पाच-दहा मिनिटे पाण्यात बुडवून ठेवावा व बुडबुडे येणे थांबले की काढावा.

कोन मोजण्याची सोपी युक्ती

धार लावण्यात हात चुकतो तो कोनामध्ये. पहिले चार फेरे एका कोनात, पुढचे चार दुसऱ्या कोनात झाले की उतार गोल होतो आणि धार कधीच येत नाही. कोन मोजायला यंत्र नको, पात्याची रुंदी पुरे. पाते दगडावर आडवे ठेवून पाठ रुंदीच्या एक चतुर्थांश उचलली की सुमारे १५ अंशांचा कोन होतो. एक तृतीयांश उचलली की साधारण २० अंश आणि निम्मी उचलली की ३० अंश. म्हणजे २ सें.मी. रुंद पात्याची पाठ अर्धा सें.मी. उचलावी, की १५ अंश झाले.

एका बाजूने उतार असलेल्या कलमाच्या चाकूला १५ ते २० अंश पुरेत. भाजीच्या सुरीला प्रत्येक बाजूने तितकेच ठेवावेत. छाटणीच्या कात्रीला २० ते २५ आणि लाकूड तोडण्याच्या कोयत्याला प्रत्येक बाजूने २५ ते ३० अंश लागतात. कोन जितका लहान तितकी धार तीक्ष्ण, पण तितकीच नाजूक. कलमाच्या चाकूने बांबू छिलू नये, तो यासाठीच.

चाकूचा मूळ उतार शाबूत असेल तर मोजण्याचीही गरज नाही. स्केचपेनने किंवा काजळाने तो उतार रंगवावा आणि बारीक दगडावर हलकेच दोन फेरे मारून पाहावे. रंग फक्त पाठीकडून गेला तर पाठ थोडी उचलावी. फक्त धारेकडून गेला तर थोडी खाली घ्यावी. पूर्ण उतारावरून सारखा गेला, की तोच आपला कोन. नवशिक्याने ही युक्ती अवश्य करावी. चार चाकू असे लावले की हाताला कोन आपोआप कळू लागतो.

प्रत्यक्ष कृती

कमरेइतक्या उंचीच्या टेबलावर ओले गोणपाट घालून त्यावर दगड ठेवावा, म्हणजे तो सरकत नाही. मांडीवर किंवा हातात दगड धरून धार लावू नये. त्यात कोनही राहत नाही आणि बोटही कापते.

उजव्या हाताने मूठ धरावी आणि डाव्या हाताची दोन बोटे पात्यावर, धारेपासून थोडी मागे टेकवावीत. उताराची बाजू खाली ठेवून चाकू दगडाच्या पूर्ण लांबीवर पुढे-मागे न्यावा. मनगट ताठ ठेवून खांद्यातून हात हलवावा. मनगट हलले की कोन हलला. पाते दगडापेक्षा लांब असेल तर मुठीकडील भाग, मधला भाग आणि टोक असे तीन टप्पे करावेत. टोकाकडे पाते गोल असते, तेथे मूठ किंचित उचलत न्यावी, नाहीतर टोक बोथटच राहते. सुरुवातीला साधारण एक किलोइतका दाब द्यावा. तो किती असतो हे कळण्यासाठी तराजूच्या पारड्यावर बोटे एकदा दाबून पाहावीत. बहुतेक माणसे याच्या दुप्पट-तिप्पट जोर लावतात आणि दगडाला खड्डा पाडतात.

किती फेरे मारायचे? हा प्रश्न सर्वजण विचारतात आणि त्याचे उत्तर आकड्यात देता येत नाही. उत्तर चाकूच देतो. उतार झिजत झिजत धारेच्या टोकापर्यंत पोहोचला की तेथील पातळ लोखंड तुटून न पडता पलीकडच्या बाजूला वळते. या वळलेल्या बारीक किनारीला कारखान्यातील कामगार ‘बर’ म्हणतात. बर डोळ्यांना क्वचितच दिसते, पण बोटाला लागते. अंगठा सपाट बाजूवर ठेवून पाठीकडून धारेकडे, धारेबाहेर जाईल असा हलकेच सरकवावा. धारेच्या लांबीवरून बोट कधीही फिरवू नये. काठावर खरखर लागली तर तेथे बर आली. बोटाचा भरवसा नसेल तर कापसाचा पेळू तसाच फिरवावा. जेथे तंतू अडकतील तेथे बर आहे. मुठीपासून टोकापर्यंत सलग बर लागेपर्यंत घासावे. मध्ये एखादा बोटभर तुकडा राहिला असेल तर तेथे धार पोहोचलेली नाही, मग बाकी पाते कितीही चांगले असो. अनेकांची धार येत नाही ती याच ठिकाणी. ते वीस फेरे मोजतात, चाकू उलटतात आणि पुन्हा वीस मोजतात.

जाड बाजूवर बर आली असेल तर आता बारीक बाजू घ्यावी आणि तोच कोन ठेवून जाड ओरखडे जाईपर्यंत घासावे.

यानंतर चाकू उलटावा. सपाट बाजू दगडावर पूर्ण टेकवावी. पाठ केसभरही उचलू नये. अशा स्थितीत पाच-सहा हलके फेरे मारले की बर पुन्हा उताराच्या बाजूला वळते. मग उताराच्या बाजूने दोन-तीन फेरे मारावेत, धार पुढे ठेवून, दुधावरची साय अलगद काढावी तसे. पुन्हा सपाट बाजूने एक. दाब दर वेळी कमी करत शेवटी चाकूच्या वजनावरच सोडावा. असे तीन-चार वेळा केले की बर झिजून निघून जाते.

बर काढून न टाकता थांबणे ही दुसरी मोठी चूक आहे. बर असलेला चाकू कागद झकास कापतो आणि आपल्याला वाटते काम झाले. पण ती किनार पातळ पत्र्यासारखी असते. पहिल्या दहा-पंधरा काड्यांत ती दुमडते किंवा तुटते आणि मागे पहिल्यापेक्षा वाईट धार राहते. ‘धार टिकत नाही, पोलाद हलके आहे’ ही तक्रार पुष्कळदा बर राहिल्यामुळे असते.

शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर, जसा पूर्वी न्हावी वस्तऱ्यासाठी वापरत तसा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून दोन्ही बाजूंनी आठ-दहा वेळा ओढावे. जुना कमरपट्टा उलट बाजूने लाकडी फळीवर चिकटवला तरी चालतो. कलमे बांधण्याच्या दिवशी ही फळी सोबत ठेवावी आणि दर तासाभराने चाकू तिच्यावर ओढावा. म्हणजे दगडाकडे वळण्याची गरज दिवसभर पडत नाही.

धार आली की नाही हे पाहायला नखावर किंवा दंडावरच्या केसांवर प्रयोग करू नयेत. पेन्सिलइतकी जाड हिरवी काडी घ्यावी आणि एकाच ओढीत ३ ते ४ सें.मी. लांबीचा तिरका काप घ्यावा. काप ओला, चकचकीत व सपाट दिसला, सालीची कड फाटली नाही आणि दोन काप जोडून उजेडाकडे धरल्यावर फट दिसली नाही, म्हणजे चाकू कलमासाठी तयार झाला.

काही कलमकार दाढीचे पाते वापरतात. कोवळ्या काडीला ते चांगले चालते. पण काडी जरा निबर असली की ते पाते वाकते आणि काप लाटेसारखा येतो. चाकू लावता आला तर त्याची गरज पडू नये.

छाटणीची कात्री

द्राक्ष बागायतदारांच्या हातात वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरच्या छाटणीला, ही कात्री दिवसचे दिवस असते. मजुराच्या हाताला फोड येतात त्यात बोथट कात्रीचा वाटा मोठा असतो. या कात्रीला दोन भाग असतात. एक कापणारे पाते आणि दुसरा आधार देणारा, आकड्यासारखा जाड ओठ. धार फक्त पात्याला लावायची, ओठाला नाही.

प्रथम नट काढून कात्री सुटी करावी आणि भाग कोणत्या क्रमाने निघाले ते फडक्यावर मांडून ठेवावे. पात्यावर चिकाचा काळा थर असतो. तो धुण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्यात भिजवून, घासून काढावा. चिकट पात्यावर दगड चालवला तर दगडच भरून जातो. पाते गोलाकार असल्याने येथे उलट रीत असते. पाते स्थिर धरून सुमारे १० सें.मी. लांबीचा छोटा दगड पात्यावर फिरवावा. फक्त बाहेरच्या उताराच्या बाजूने, मुठीकडून टोकाकडे, पात्याच्या गोलाईप्रमाणे फिरवत न्यावे. सलग बर आली की आतली सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवून दोन-तीनदा हलके घासावी.

आतल्या बाजूला तिरपे घासले तर पाते आणि ओठ यांच्यामध्ये फट पडते. मग कात्री काडी कापण्याऐवजी तिला मधे ओढून घेते आणि साल लोंबत राहते. नवी कात्री वर्षभरात ‘चावते’ ती बहुतेक यामुळेच. कात्री जोडताना नट इतका आवळावा की पाते डुलू नये, पण मूठ सोडली तर अडकूही नये. सांध्यात तेलाचा थेंब द्यावा.

छाटताना पाते झाडावर राहणाऱ्या भागाकडे आणि ओठ काढून टाकायच्या भागाकडे ठेवावा. ओठाच्या दाबाने साल चेपते, ती चेपलेली साल तुकड्याबरोबर खाली पडलेली बरी.

डाळिंब बागायतदारांनी आणखी एक काळजी घ्यावी. तेलकट डाग रोगाचे जिवाणू कात्रीवरून एका झाडाचे दुसऱ्या झाडाला जातात. म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवावी. बाटलीवर ४ टक्के लिहिले असेल तर एक भाग औषध व तीन भाग पाणी घ्यावे. हे द्रावण पोलादाला गंज आणते आणि गंज प्रथम धारेवरच बसतो. त्यामुळे दिवसाचे काम संपताच कात्री साध्या पाण्याने धुऊन, कोरडी करून तेल लावावे. दोन कात्र्या ठेवून एक द्रावणात व एक हातात असे आलटून पालटून केले तर कामही थांबत नाही. रोगट बागेतून आलेली कात्री आधी निर्जंतुक करावी, मग दगडावर घ्यावी.

चक्रावर धार लावताना

धारवाल्याच्या सायकलवरील किंवा विजेच्या चक्रावर काम झटपट होते. कोयत्यासारख्या जाड अवजाराची मोठी खाच काढायला ते ठीक आहे. उसाच्या तोडणीत कोयत्याला धार हवीच. बोथट कोयत्याने बुडखा फाटतो आणि खोडव्याची फूट बिघडते. पण कलमाचा चाकू आणि कात्रीचे पाते विजेच्या चक्रावर देऊ नये. पातळ धार क्षणात तापते. साध्या पोलादावर सुमारे ३०० अंश सेल्सिअसला निळी छटा चढते, आणि धारेवर निळा रंग दिसला म्हणजे त्या जागेचे पाणी उतरले. मग ती धार कितीही लावा, टिकत नाही. तेवढा भाग झिजवून काढावा लागतो. नाइलाजाने चक्र वापरावेच लागले तर पाते एक-दोन सेकंदच टेकवावे आणि लगेच पाण्यात बुडवावे.

भात कापणीच्या दातेरी वैभव विळ्याला साध्या विळ्यासारखे दगडावर घासू नये, दाते नाहीसे होतात.

दगडाचीही निगा

वापरता वापरता दगड मधोमध खोलगट होतो. अशा दगडावर चाकूची सपाट बाजू सपाट राहूच शकत नाही. वर सांगितलेली सगळी काळजी घेऊनही काप फुगीर येत असेल तर दोष दगडात शोधावा. दगडावर पेन्सिलने आडव्या-उभ्या रेघा काढाव्यात. शहाबादी फरशीच्या सपाट तुकड्यावर चाळलेली जाड वाळू व पाणी टाकून त्यावर दगड गोल गोल फिरवावा. मधल्या रेघा पुसल्या गेल्या म्हणजे दगड सपाट झाला. नेहमी वापर असेल तर हंगामात एकदा हे करावे.

काम झाल्यावर दगड ब्रशने धुऊन सावलीत वाळवावा. कलमाचा चाकू पाण्याने धुऊन, कोरडा करून त्यावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवावा आणि कोरड्या सुती फडक्यात गुंडाळावा. चामड्याच्या म्यानात ठेवू नये, पावसाळ्यात चामडे ओल धरते. पुढच्या वेळी वापरण्यापूर्वी ते तेल सोड्याच्या पाण्याने पुसून काढावे.